आपत्ती व्यवस्थापनात संशोधन करायचंय?

या विषयात पीएच.डी. करायची म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर बचावपथकं, होड्या आणि हेलिकॉप्टर असतात. ते काम मोठंच, पण प्राध्यापकाच्या वाट्याला ते फारसं येत नाही. पूररेषेच्या आत घरं बांधायला परवानगी कशी मिळाली, पुलाच्या दुरुस्तीचे पैसे कुठे अडले, असल्या प्रश्नांच्या मागे वर्षानुवर्षं लागावं लागतं. ज्यांना हे रटाळ वाटत नाही त्यांनी खुशाल यावं.

वर्गात मी 2010 सालापासून सुरुवात करतो. जानेवारीत हैतीत 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाखाहून जास्त माणसं गेली. नेमका आकडा आजही वादात आहे. पुढच्याच महिन्यात चिलीत 8.8 चा भूकंप झाला. त्यातून काही शे पट जास्त ऊर्जा बाहेर पडली, पण मृत्यू सुमारे पाचशे. हैतीत केंद्र राजधानीला लागून होतं, चिलीत समुद्रात, हे खरंच. पण तेवढ्याने हिशेब लागत नाही. चिलीत भूकंपरोधक बांधकामाचे नियम होते आणि ते बऱ्यापैकी पाळलेही जात होते. निसर्ग धोका निर्माण करतो, त्याची आपत्ती व्हायला माणसांची व्यवस्था लागते. या क्षेत्रातलं निम्मं संशोधन याच वाक्याभोवती फिरतं.

पदवी कुठलीही चालते: स्थापत्य, भूगोल, समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य. मात्र एका विद्याशाखेत पाय घट्ट रोवा. सगळ्यातलं थोडंथोडं येणारा माणूस प्रकल्पात उपयोगी पडतो, पण नेमणुकीच्या मुलाखतीत 'तुमची संशोधनपद्धत कोणती?' या प्रश्नावर अडकतो. माझ्या पाहण्यात जागाही बहुतेक भूगोल, स्थापत्य किंवा सार्वजनिक धोरण अशा विभागांतच निघतात. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती हाताळण्याची पद्धत) आणि संख्याशास्त्र मात्र सगळ्यांनाच लागतं, त्यात सूट नाही.

आकडे वापरण्याआधी ते कसे जमले ते बघा. ईएम-डॅट या जागतिक नोंदसंग्रहात घटना यायची तर दहा मृत्यू, शंभर बाधित, आणीबाणीची घोषणा किंवा आंतरराष्ट्रीय मदतीची मागणी, यांपैकी एक तरी अट पुरी व्हावी लागते. म्हणजे दरवर्षी दहापंधरा घरांत शिरणारं पाणी तिथे बहुधा दिसतच नाही. आणि गरिबाचं कंबरडं मोडतं ते बहुधा त्याच पाण्याने. अशा बारीक घटना टिपायला डेसइन्व्हेंटार हा दुसरा नोंदसंग्रह आहे, पण तिथेही नोंदी करणारं कुणी असेल तरच.

क्षेत्रभेटीत प्रश्न कसा विचारता यावर सगळं असतं. 'इशारा मिळाला होता का?' विचारलं की 'हो' येतं, आणि तक्त्यात बरोबरची खूण होते. 'मिळाल्यावर काय केलंत?' विचारा. मग गुरं सोडून कसं जाणार, मागे घर फोडलं तर, निवाऱ्यात बायकांना आडोसा नव्हता, असं एकेक बाहेर येतं. प्रबंध इथे सापडतो.

मोठ्या आपत्तीनंतर संशोधकांची अक्षरशः झुंबड उडते आणि एकाच घराला चारचार प्रश्नावल्या भरून द्याव्या लागतात. पहिल्या काही आठवड्यांत मी विद्यार्थ्यांना मुलाखतींसाठी पाठवत नाही. भिंतीवरची चिखलाची रेघ, इमारतीच्या भेगा हे पुरावे साफसफाईत जातात, ते मात्र लगेच मोजून घ्यावे लागतात. त्याला कुणाला रडवावं लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर निधी आपत्तीपाठोपाठ येतो आणि बातम्यांबरोबर आटतो, म्हणून पूर नसतानाही चालू राहील असा प्रश्न निवडा. प्रस्तावात बहुतेक जण सेंडाई आराखड्याचं, म्हणजे आपत्तीचा धोका कमी करण्यासाठी देशांनी मिळून मान्य केलेल्या आराखड्याचं, नाव घेतात, त्यातली सात उद्दिष्टं वाचणारे कमी. त्याची मुदत 2030 पर्यंत आहे. आज प्रवेश घेणाऱ्याने त्यानंतर काय येणार याच्या चर्चेवरही आतापासूनच लक्ष ठेवावं.

आणि मार्गदर्शकाला पहिलं पत्र लिहाल तेव्हा 'मला आपत्ती व्यवस्थापनात रस आहे' एवढंच लिहू नका. कुठला धोका, कुठली माणसं आणि कुठली माहिती हाताशी आहे, हे तीन ओळींत लिहा. उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.