बँकॉकमधल्या मुस्लिम खाणावळीत जेवायला जाताना

बँकॉकला नवीन आलेला माणूस पहिला महिनाभर एक तर महागड्या भारतीय हॉटेलात जेवतो, नाही तर सेव्हन-इलेव्हनच्या सँडविचवर दिवस काढतो. मधला सोपा रस्ता म्हणजे गल्लीतली साधी मुस्लिम खाणावळ. डुक्कर नाही, दारू नाही, मसाला ओळखीचा, आणि बिर्याणीची ताटली साधारण 50 ते 80 थाई बातला.

नाना नावाच्या भागातली अरबी हॉटेलं पर्यटकांच्या खिशाला साजेशी आहेत, ती सोडा. मशिदीच्या आसपास पाहा: चारोन क्रुंग रस्त्यावर सोय (म्हणजे गल्ली) 36 मधल्या हारून मशिदीजवळ, किंवा राचाथेवी स्टेशनजवळ फेचबुरी सोय 7 मध्ये. बाहेर बहुधा हिरवी पाटी असते आणि त्यावर चंद्रकोर-चांदणी. बाहेरचं सॉसेज किंवा बिअरचा कॅन घेऊन आत बसू नका.

सुरुवात 'खाव मोक काय'ने करा, म्हणजे कोंबडीची थाई बिर्याणी. 'मोक' म्हणजे पुरलेलं, कारण कोंबडी भाताखाली गाडून शिजवतात. हळदीने भात पिवळा, वर तळलेला कांदा, बाजूला काकडी आणि हिरवी पातळ चटणी. पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची, व्हिनेगर आणि साखर असल्याने ती आंबट-गोड लागते. रायत्यासारखी एकदम ओतलीत तर भाताचा स्वाद बुडतो. दोन चमचे घालून चाखा, मग वाढवा. सोबत छोट्या वाटीत सूप मिळतं.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणूस इथे नशीबवान आहे. थाईत 'काय' म्हणजे कोंबडी आणि 'खाय' म्हणजे अंडं. इंग्रजी बोलणाऱ्यांचा क-खचा घोळ होतो, आपला होत नाही. 'फेत' म्हणजे तिखट. त्यातला फ 'फळ'मधल्यासारखा ओठ मिटून काढा, इंग्रजी एफसारखा नको. 'माय फेत' म्हटलं की तिखट नको. एक ताटली हवी तर 'खाव मोक काय नुंग चान', पुढे पुरुषांनी 'ख्रप', बायकांनी 'खा'. वाढणाऱ्याला हाक मारायला 'फी' चालतं, मुस्लिम पुरुषाला 'बांग', दोन्ही आपल्या ताई-दादासारखेच.

आता मुद्द्याचं. इथे डुकराची काळजी नाही, पण गोमांस सर्रास असतं, आणि न खाणाऱ्यांची गफलत इथेच होते. पाटीवर 'नुआ' असेल तर बहुधा गोमांसच. 'सुप हांग वुआ' म्हणजे शेपटीचं आंबट-झणझणीत सूप, त्यात 'वुआ' म्हणजे गाय. बोकडाचं हवं असेल तर 'फे' विचारा. ते थोड्याच दुकानांत मिळतं आणि महाग असतं. ऑर्डर देतानाच सांगा: 'माय किन नुआ वुआ', मी गोमांस खात नाही. कोंबडीच्या भातासोबतचं सूपही गोमांसाच्या रश्शाचं असू शकतं, म्हणून सूप कोंबडीचं आहे का तेही विचारा: 'सुप काय, छाय माय?' पातेली वेगळी असली तरी डाव एकच असू शकतो, त्यामुळे कडक पाळणाऱ्यांनी बोट दाखवून स्वच्छ डाव मागावा. वाढणाऱ्याला याचं वाईट वाटत नाही. शाकाहाऱ्यांना मात्र इथे फारसं काही नाही. अंडं चालत असेल तर केळं-अंड्याची रोटी, बस्स.

वेळ सांभाळा. यातली बरीच दुकानं सकाळी उघडतात आणि पातेलं संपलं की बंद करतात. दुपारी दोननंतर गेलात तर उरलेला कोरडा भात आणि मानेचे तुकडे मिळतील. अकरा ते साडेअकराच्या दरम्यान गेलात तर मांडीचा तुकडा हमखास. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी काही दुकानं तासभर बंद असतात. रमजानमध्ये दिवसा बहुतेक ठिकाणी चूल पेटत नाही, पण संध्याकाळी मशिदीजवळ खाण्याचे गाडे लागतात.

जेवण चमच्याने करायचं: उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, आणि काट्याने भात चमच्यावर ढकलायचा. चहा मागवलात तर तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा थर दिसेल; कमी गोड हवा असेल तर ढवळू नका, किंवा आधीच 'वान नॉय' सांगा. पैसे शेवटी, 'केप तांग' म्हणून. क्यूआर थाई बँकेच्या खात्यावर चालतो आणि खातं उघडेपर्यंत तुमच्याकडे तो नसेल, म्हणून 20 आणि 100 च्या नोटा ठेवा. सकाळच्या वेळी 1000 ची नोट पुढे केली तर सुटे शोधायला मालकालाच शेजारी धावावं लागतं. पार्सल हवं असेल तर 'क्लाप बान' म्हणा. चटणी आणि सूप वेगवेगळ्या पिशव्यांत रबर लावून बांधून देतात. पिशवी उभी धरूनच न्या, कारण सूप कडकडीत गरम असतं.