एसी सर्व्हिसची फ्रँचायझी दुबईला न्यायचीय? मग आधी हे करा

पुण्या-नाशकात चार-पाच फ्रँचायझी नीट चालायला लागल्या की पुढचं नाव दुबईचंच निघतं, आणि ते बरोबरच आहे, मुंबईहून तीन-साडेतीन तासांचं विमान, आपली माणसं भरपूर, एसी जवळजवळ बारा महिने चालू. पण करार-बिरार करायच्या आधी तिथे आठ-दहा दिवस राहा आणि एखाद्या टेक्निशियनबरोबर घरोघरी फिरा, हे अगदी कळकळीनं सांगतोय.

कारण कामच वेगळंय. आपल्याकडे भिंतीवरचा स्प्लिट, जेट पंप मारला, फिल्टर धुतला, गॅस बघितला की झालं. तिथे टॉवरमध्ये सगळं फॉल्स सीलिंगच्या वर, डक्टमधून हवा, आणि बऱ्याच बिल्डिंगना डिस्ट्रिक्ट कूलिंगचं, म्हणजे अनेक बिल्डिंगना मिळून असलेल्या एकाच मोठ्या प्लांटमधून थंड पाणी येतं, म्हणजे फ्लॅटला कॉम्प्रेसरच नाही! त्या पाण्यावरून हवा थंड करणारं सीलिंगमधलं फॅन कॉइल युनिट उघडायचं, कॉइल धुवायची, ड्रेन ट्रे साफ करायचा, तो तुंबला की सीलिंगवर ओल येते आणि पाणी थेट सोफ्यावर. वर बिल्डिंगच्या मॅनेजमेंटकडून त्या कामाचं परमिट काढलेलं नसेल तर सिक्युरिटीवाला लिफ्टपर्यंतसुद्धा सोडत नाही. म्हणून इथलं ट्रेनिंग मॅन्युअल तसंच पाठवू नका, तिथे बसून नवं लिहा.

दुसरं, ट्रेडमार्क. भारत 2013 ला आणि यूएई 2021 च्या शेवटी माद्रिद प्रोटोकॉलमध्ये (एकाच अर्जावर अनेक देशांत ट्रेडमार्क मागायचा आंतरराष्ट्रीय करार) आलं, त्यामुळे आपल्या इथल्या ट्रेडमार्कवरून इथूनच तिकडचा अर्ज टाकता येतो. पार्टनर शोधायच्या आधी टाका, एकदा ब्रँड त्याच्या नावावर चढला की सोडवताना नाकीनऊ येतात.

पार्टनरला सगळ्या यूएईचे हक्क एकदम देऊ नका, फक्त दुबई द्या, टार्गेट लिहून घ्या, ते झालं की मग शारजा-अबुधाबीचं बोला. लायसन्स मेनलँडचं, म्हणजे शहरात कुठेही काम करता येईल असं बघा, फ्री झोनचं स्वस्त वाटतं पण ते मुळात त्या झोनपुरतं, आणि घरोघरी जायचं काम आहे आपलं.

रॉयल्टी बिलिंगवर ठरवा, नफ्यावर नको, नफा कागदावर कसाही दिसतो. इथल्या सीएकडून एलयूटी, म्हणजे कर न भरता सेवा निर्यात करायचं जीएसटीचं हमीपत्र, भरून घ्या म्हणजे रॉयल्टीच्या इनव्हॉइसवर आयजीएसटी भरून बसावं लागत नाही. तिकडे 5 टक्के व्हॅट, टेक्निशियन पोरांच्या व्हिसाचा खर्च मालकाचा, हे रेटकार्डात आधीच धरा. आणि 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी असते, तेव्हा व्हिलाच्या गच्चीवरची आउटडोअर युनिटं सकाळीच उरकायची.

सुरुवात जानेवारी-फेब्रुवारीत करा. मे उजाडेपर्यंत पोरांचा हात बसलेला असतो, जूनमध्ये उघडलंत तर पहिल्याच आठवड्यात फोन उचलायला माणूस पुरणार नाही.