चार्जिंगची जुनी लाईट टाकू नका, सेल अन् चार्जिंगचं सर्किट बदला

मागाखाली वाकून तुटलेला धागा बघायला चार्जिंगची लाईट लागतेच, पण थोडी जुनी झाली की दहा मिनिटांत मिणमिणायला लागते. परवा उघडून बघितली तर आतली 4 व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी फुगलेली, टर्मिनलवर पांढरी पूड, एलईडी मात्र सगळे ठणठणीत.

प्लग काढलेला असतानाच उघडा. जुनी बॅटरी आणि चार्जिंगचं जुनं सर्किट दोन्ही काढून टाका, ते सर्किट 230 व्होल्टवर चालतं अन् आता बसवायच्या लिथियम सेलला अजिबात चालत नाही. मग 18650 साईजचा चांगला लिथियम सेल घ्या, टोकांना धातूची पट्टी लावलेलाच मागा म्हणजे सेलवर डायरेक्ट सोल्डरिंग करावं लागत नाही, आणि सोबत टाईप-सी वालं टीपी4056 मॉड्यूल (लिथियम सेल चार्ज करणारं छोटं सर्किट), पण प्रोटेक्शनवालंच (सेल प्रमाणाबाहेर उतरू न देणारं), ज्याला आउटचे वेगळे पॉइंट असतात ते. मॉड्यूलवरच्या बी प्लस, बी मायनसला सेल, आउटला स्विच-एलईडीकडं जाणाऱ्या वायरी. प्लस-मायनस दोनदा बघा. 4.2 व्होल्टला चार्जिंग आपोआप थांबतं, मोबाईलचा चार्जर चालतो.

एक सांभाळा, 45 डिग्रीच्या वर लिथियम सेल चार्ज करायचा नसतो, त्यामुळं आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावू नका, रात्री घरात लावा.