दहावीच्या फिजिक्ससाठी भिंगांचा धडा पाठ करू नका, आधी हे करा
साताऱ्यात घराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसत असेल तर खोलीतले लाईट बंद करा, खिडकीसमोर बहिर्वक्र (मधे फुगीर) भिंग धरा आणि मागं पांढरा कागद पुढंमागं सरकवा, किल्ला कागदावर उलटा आणि एवढुसा दिसायला लागला की भिंग ते कागद अंतर पट्टीनं मोजा, तेच नाभीय अंतर. वास्तव प्रतिमा म्हणजे काय (अशी कागदावर पकडता येते ती) ते परत विसरायला होत नाही खरंच! (सूर्याकडं मात्र भिंगातून अजिबात बघू नका.) आता गणित. २० सेमी आलं तर आधी ०.२ मीटर करा, मग १ भागिले ०.२, भिंगाची शक्ती ५ डायॉप्टर (शक्तीचं एकक). पोरं सेमीच तसंच टाकतात आणि हातातले मार्क जातात, लई वाईट वाटतं बघून. भिंगाच्या सूत्रात वस्तूचं अंतर ऋण (मायनस) घ्यायचं, तेही लक्षात ठेवा.