हिवाळ्यात डोंगराळ रस्त्यावर दिवसभराची सायकल सफर कशी करावी

थंडीत सायकलवर माणूस गारठतो तो उतारावर, पण त्याची सुरुवात चढावरच झालेली असते. चढताना अंग तापतं, घामाने आतला कपडा भिजतो. माथा ओलांडला की पाय थांबतात, वेग तिपटीने वाढतो आणि तोच ओला कपडा अंगाला गार पडून चिकटतो. सफरीची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करा. मग जे वाट्याला येतं त्याला तोड नाही: उन्हाळ्यात धुरकट वाटणाऱ्या डोंगररांगा एकामागे एक मोजता येतात, पानगळ झालेल्या झाडांमधून थेट दरीचा तळ दिसतो आणि रस्त्यावर चेनच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही.

रस्ता आणि वेळ

नकाशावर अंतराआधी एकूण चढ पाहा. सपाटीवर तुम्ही आरामात ८० किलोमीटर जात असाल, तर डोंगरात थंडीच्या दिवशी ५० धरा. त्यात १,००० मीटर चढ असेल तर तेवढ्यानेच दिवस भरतो. मोठा चढ शक्यतो पहिल्या अर्ध्यात घ्या, पाय ताजे असतात.

वेळ उलटी मोजा. सूर्यास्ताच्या एक तास आधी मुक्कामी पोहोचायचं, हे पक्कं करून तिथून मागे या. परत फिरण्याची वेळही घरीच ठरवा. माथा समोर दिसत असताना तो निर्णय होत नाही. पहाटे अंधारात निघण्याचा अट्टहास मात्र नको. रात्रीचं दव गोठलेलं असेल तर ऊन पडून रस्ता सुकायला वेळ लागतो.

उंचीबरोबर तापमान दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे लक्षात ठेवून माथ्यावरचा अंदाज बांधा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतर मात्र याच्या उलट होतं: जड गार हवा दरीत साचते आणि सकाळी खालीच जास्त बोचरं असतं.

सायकल

टायरची हवा बाहेरच्या थंडीत तपासा. घरात २० अंशांत ६० पीएसआय भरलेला टायर शून्य अंशांत सुमारे ५५ वर येतो. ओलसर रस्त्यावर हवा थोडी कमी असलेली चालते, पण किती कमी हे आपण ठरवलेलं असावं. ब्रेकचे पॅड झिजलेत का पाहा, चेनला तेल द्या, सर्वांत हलका गिअर नीट पडतो का ते चालवून बघा. दिवसाची सफर असली तरी पुढे-मागे दिवे लावा. धुक्यात तुम्ही दिसणं महत्त्वाचं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप सोबत हवाच. गारठलेल्या बोटांनी टायर काढणं फार अवघड जातं. हातमोजे घालून एकदा घरी सराव करा.

कपडे

अंगालगत घाम बाहेर सोडणारा पातळ लोकरी किंवा सिंथेटिक कपडा, त्यावर ऊब देणारा एक थर, सर्वांत वर वारा अडवणारं हलकं जॅकेट. सुती बनियन घालू नका. ती घाम धरून ठेवते. निघताना पहिली दहा मिनिटं किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झाला. कान झाका. हातमोज्यांवर कंजुषी करू नका, आणि बुटात दोन जाड मोजे कोंबू नका. पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं अधिकच बधिर होतात.

चढ

चढ सुरू होण्याआधी थांबून जॅकेट काढा, आतल्या थराची झिप उघडा. आळस इथेच नडतो. गिअर हलका ठेवून पाय फिरते ठेवा. शेजारी कुणी असेल तर पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावा. एकदा सोबत्यांच्या मागे राहायचं नाही म्हणून मी जॅकेटसकट एक लांब चढ ओढून काढला होता. उतारावर तिसऱ्याच वळणाशी बोटांना ब्रेकचा दांडा लागेना. तळहाताने दाबत कसाबसा थांबलो आणि हात काखेत घालून बराच वेळ बसून राहिलो. तेव्हापासून मी चढाच्या पायथ्याशी थांबतोच.

माथा आणि उतार

माथ्यावर फोटोआधी कपडे. आतला भिजलेला थर बदला (एक कोरडा पिशवीत बांधून आणलेला असू द्या), जॅकेट गळ्यापर्यंत लावा, कोरडे हातमोजे चढवा. जॅकेटखाली छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवणं हा शर्यतवाल्यांचा जुना उपाय आजही तितकाच चालतो. पाच अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरने उतरताना उघड्या त्वचेला उणे एक अंशासारखं जाणवतं, त्यामुळे हा थांबा टाळू नका.

उतारावर वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक वापरा. सतत घासत ठेवण्यापेक्षा दाबा आणि सोडा. सावलीतली वळणं, पूल आणि रस्त्यावर वाहून आलेलं पाणी यांवर नजर ठेवा. बर्फाचा पातळ थर तिथेच उरतो आणि तो ओल्या डांबरासारखाच दिसतो. त्यावर गेलातच तर ब्रेक सोडा, हँडल सरळ धरा, पॅडल थांबवा. सरळ उतारावर मात्र हलके पाय फिरवत राहा, गुडघे आखडत नाहीत.

खाणं-पाणी

थंडीत तहान कळत नाही, म्हणून दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्या. थर्मासमध्ये काहीतरी गरम असेल तर उत्तम. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, भूक लागायची वाट न पाहता. थांबे छोटे ठेवा, उन्हात आणि वाऱ्याच्या आडोशाला.

सोबत्याची कुडकुड थांबत नसेल, बोलणं अडखळत असेल किंवा जॅकेटची साधी झिप लावता येत नसेल, तर सफर तिथेच संपवा. त्याला आडोशाला न्या, कोरडं पांघरा, शुद्धीवर असेल तर गरम गोड काही पाजा आणि मदत बोलवा.

परतल्यावर

आधी ओले कपडे काढा, मग सायकलकडे बघा. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकलेलं असेल तर त्याच संध्याकाळी सायकल कोमट पाण्याने धुवा, चेन फडक्याने कोरडी करा आणि कडीकडीला तेलाचा एकेक थेंब सोडा.