रोमकरांस पत्र, अध्याय ९ ते ११ : यहूदी आणि परराष्ट्रीय यांच्या तारणाचा अभ्यास कसा घ्यावा

मंडळीच्या अभ्यासगटात कधी ना कधी कोणीतरी विचारतेच, की ज्या लोकांमधून ख्रिस्त आला त्या यहूदी लोकांचे शेवटी काय होणार. बहुतेक वेळा त्याला पाठ असलेल्या एकाच वचनाने उत्तर दिले जाते आणि चर्चा तिथेच संपते. प्रेषित पौलाने मात्र या प्रश्नासाठी रोमकरांस लिहिलेल्या पत्राचे तीन सलग अध्याय खर्ची घातले आहेत. ते दीड-दीड तासाच्या चार बैठकांत, घाई न करता, कसे शिकवावेत याचे हे मार्गदर्शन आहे. त्यासाठी गट फार मोठा नसावा, प्रत्येकाजवळ मराठी पवित्र शास्त्र असावे आणि शक्य झाल्यास एखाद्याजवळ दुसरे मराठी भाषांतरही असावे.

सुरुवात दोन शब्दांपासून करावी. पहिला शब्द ‘तारण’. नव्याने येणाऱ्या माणसाच्या कानाला तो सोनेतारण किंवा तारणकर्ज यांच्या ओळखीचा असतो. म्हणून मंडळीत हा शब्द ‘तारणे’ या क्रियापदातून, म्हणजे बुडणाऱ्याला पैलतीरी नेणे या अर्थाने येतो, हे आधीच सांगून टाकावे. दुसरा शब्द ‘परराष्ट्रीय’. रोजच्या मराठीत आपण परराष्ट्र मंत्रालय म्हणतो, त्यामुळे हा शब्द ऐकताच दुसऱ्या देशाचा माणूस डोळ्यांसमोर येतो. पौलाच्या लेखी मात्र इस्राएलाबाहेरची सगळी राष्ट्रे परराष्ट्रीयच होती. तेव्हा पुण्यात, नगरात किंवा वसईत बसून हे पत्र वाचणारे आपण, एखाद्याचा जन्म यहूदी घरातला नसेल तर, परराष्ट्रीयच ठरतो. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत मनात ठसली पाहिजे, कारण वाचताना आपण नकळत इस्राएलाच्या जागी जाऊन बसतो आणि मग जे शब्द आपल्याला उद्देशून लिहिले आहेत ते दुसऱ्या कोणाला तरी लागू करत राहतो.

पहिल्या बैठकीत नववा अध्याय लगेच उघडू नये. पौलाने हे पत्र इ. स. ५७ च्या सुमारास करिंथ येथून लिहिले. त्याआधी, इ. स. ४९ च्या सुमारास, सम्राट क्लौद्य याने यहूद्यांना रोममधून निघून जाण्याचा हुकूम दिला होता. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे त्याच कारणाने करिंथला आले, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात नोंदले आहे. अनेक अभ्यासकांच्या मते या काळात रोममधली मंडळी मुख्यतः परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या हाती राहिली, आणि इ. स. ५४ मध्ये नीरो गादीवर आल्यानंतर जेव्हा यहूदी विश्वासणारे परतले तेव्हा त्यांना स्वतःच्याच मंडळीत पाहुण्यासारखे वाटू लागले. चौदाव्या अध्यायात खाण्यापिण्यावरून आणि सणवारांवरून जो वाद दिसतो, त्याच्या मुळाशी हीच परिस्थिती असावी. ती गटासमोर ठेवली की पुढचे तीन अध्याय कोरडा सिद्धांत न राहता एका दुभंगू पाहणाऱ्या मंडळीला लिहिलेले पत्र होते.

त्याच बैठकीत पहिल्या चार अध्यायांतून तीन ठिकाणे झटपट वाचून घ्यावीत. सुवार्ता प्रथम यहूद्यासाठी आणि मग हेल्लेण्यासाठी, म्हणजे ग्रीकासाठी, तारणाचे सामर्थ्य आहे (१:१६). यहूदी आणि परराष्ट्रीय दोघेही पापाखाली आहेत (३:९). आणि देव एकच असल्यामुळे तो केवळ यहूद्यांचा नसून परराष्ट्रीयांचाही आहे (३:२९-३०). चौथ्या अध्यायातला अब्राहामाचा मुद्दा मात्र उत्पत्तीचे पुस्तक उघडूनच दाखवावा. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला ते पंधराव्या अध्यायात आणि त्याची सुंता झाली ती सतराव्या अध्यायात. हा क्रम बोट ठेवून दाखवला, की अब्राहाम सुंता न झालेल्यांचाही पिता कसा ठरतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वेळ उरला तर यरुशलेमेतील सभेचा निर्णय (प्रेषितांची कृत्ये १५) वाचावा, ज्यात परराष्ट्रीयांवर सुंतेचे ओझे लादायचे नाही असे ठरले. त्या सभेत प्रेषितांपुढे असलेला प्रश्न आजच्या नेमका उलटा होता, इकडे गटाचे लक्ष जरूर वेधावे : परराष्ट्रीय माणसाचे यहूदी न होता तारण होईल का, ही तेव्हाची चिंता होती.

दुसऱ्या बैठकीसाठी नववा आणि दहावा अध्याय घ्यावा. नवव्या अध्यायाची पहिली पाच वचने एकाने मोठ्याने वाचावीत आणि त्यानंतर मिनिटभर कोणीही बोलू नये. आपल्या बांधवांसाठी स्वतः ख्रिस्तापासून वेगळे होऊन शापित व्हावे लागले तरी चालेल, असे म्हणण्यापर्यंत पौलाचे दुःख गेले आहे, आणि दत्तकपण, गौरव, करार, नियमशास्त्र, उपासना, वचने, पूर्वज आणि देहदृष्ट्या ख्रिस्त हे सारे इस्राएलाचे आहे, असे तो वर्तमानकाळात सांगतो. ज्याला या दुःखाचा स्पर्श झालेला नाही त्याने पुढच्या निवडीच्या आणि कठोरपणाच्या वचनांवर वाद घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुंभार आणि मातीच्या दाखल्यावर गट तासन्‌तास अडकून पडू शकतो. तेथे बैठक चालवणाऱ्याने हळूच पुढे सरकावे आणि दहाव्या अध्यायातल्या बाराव्या-तेराव्या वचनांपाशी थांबावे. यहूदी आणि हेल्लेणी यांच्यात भेद नाही, कारण प्रभू सर्वांचा एकच आहे, आणि जो कोणी त्याचे नाव घेऊन धावा करील त्याचे तारण होईल, असे पौल तेथे योएल संदेष्ट्याच्या शब्दांत म्हणतो.

तिसरी बैठक संपूर्ण अकराव्या अध्यायाला द्यावी. देवाने आपल्या लोकांचा त्याग केला काय, या पहिल्याच प्रश्नाला पौल ठाम नकार देतो आणि पुरावा म्हणून स्वतःलाच पुढे करतो : मीही इस्राएली, अब्राहामाच्या वंशातला, बन्यामिनाच्या कुळातला. त्यानंतर एलीया संदेष्ट्याच्या काळात बआल दैवतापुढे गुडघे न टेकलेल्या सात हजारांची आठवण येते आणि तेराव्या वचनात तो उघडपणे परराष्ट्रीयांकडे वळतो. सतराव्या वचनापासून त्याची भाषा आणखी जवळ येते. मूळ ग्रीकमध्येही आणि मराठीतही ‘तुम्ही’चा ‘तू’ होतो. वडीलधाऱ्याने एकट्याला बाजूला घेऊन समज द्यावी तसा तो स्वर आहे, म्हणून हा भाग वाचणाऱ्याने समोरच्या एकाच श्रोत्याकडे पाहून वाचावा.

जैतुनाच्या झाडाच्या दाखल्यावर मी अनेक वर्षे चुकीचे बोलत आलो. रानजैतुनाच्या फांद्या चांगल्या जैतुनाला कलम केल्या गेल्या एवढे सांगून मी पुढे जात असे. एकदा देवगडकडचे एक आंबा बागायतदार गटात बसले होते. त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, “हे उलटे झाले. आम्ही रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतो. हापूसच्या झाडावर रायवळची काडी कोण बांधील?” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते आणि पौललाही ते माहीत होते, कारण चोविसाव्या वचनात तो हे कलम निसर्गाविरुद्ध झाल्याचे स्वतःच म्हणतो. पुढच्या वेळी ते बागायतदार पिशवीतले एक कोयकलम घेऊन आले. त्यांनी प्लॅस्टिकची पट्टी सोडून सांधा दाखवला, तेव्हा खालच्या खुंटाचा रस वरच्या काडीत कसा चढतो हे लहान मुलांनाही कळले. आपण मुळाला उचलून धरत नाही, मूळ आपल्याला उचलून धरते, हे अठरावे वचन त्या दिवसानंतर आमच्या गटाला कधी समजावून सांगावे लागले नाही. जमल्यास असे एक कलम बैठकीत आणावेच.

दाखल्यातल्या आणखी तीन बाबींकडे लक्ष द्यावे. तोडल्या गेल्या त्या ‘काही’ फांद्या. झाड उपटून त्या जागी दुसरे लावलेले नाही. रानफांदी टिकते ती विश्वासाने, आपल्या जातीच्या गुणाने नव्हे, आणि तीही तोडली जाऊ शकते. तिसरी बाब म्हणजे, तोडलेल्या फांद्या आपल्याच झाडाला पुन्हा कलम केल्या जातील अशी आशा पौल धरतो. वाळलेली फांदी कोणताही माळी पुन्हा बांधत नाही. इथे पौलाचा आधार बागकामाचे ज्ञान हा नसून देवाचे सामर्थ्य हा आहे.

या इशाऱ्याकडे ख्रिस्ती जगाने शतकानुशतके दुर्लक्ष केले. ज्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरला रोमकरांस पत्राने विश्वासाद्वारे मिळणाऱ्या नीतिमत्त्वाचा अर्थ उलगडून दिला, त्यानेच १५४३ मध्ये यहूद्यांची सभास्थाने जाळावीत असे लिहिले. मंडळीने इस्राएलाची जागा कायमची घेतली या शिकवणुकीच्या सावलीत युरोपात काय काय घडले, हे गटाला सांगताना शब्द सौम्य करू नयेत. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जे घोषणापत्र प्रसिद्ध केले, त्यात ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सर्व यहूद्यांवर टाकता येणार नाही असे म्हटले आणि त्यासाठी जैतुनाच्या याच झाडाचा आधार घेतला.

चौथ्या बैठकीत सर्वांत कठीण वचन येते : अशा रीतीने सर्व इस्राएलाचे तारण होईल (११:२६). धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनच्या मते येथे इस्राएल म्हणजे यहूदी व परराष्ट्रीय मिळून झालेली देवाची सगळी प्रजा. काही जण ते सर्व काळांतल्या विश्वासणाऱ्या यहूद्यांच्या अवशेषाविषयी समजतात. इतर अनेक जण परराष्ट्रीयांची संख्या पूर्ण झाल्यावर यहूदी लोक एक समाज म्हणून ख्रिस्ताकडे वळतील असे मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही अभ्यासकांनी तर यहूद्यांसाठी त्यांचा करार हाच तारणाचा मार्ग आहे अशी मांडणी केली. ही चारही मते फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे पंचविसाव्या ते बत्तिसाव्या वचनांतले कोणते शब्द त्याच्या बाजूचे आहेत हे गटाकडूनच शोधून घ्यावे. मला तिसरे मत पटते, कारण पंचविसाव्या वचनात ‘इस्राएल’ हे नाव परराष्ट्रीयांहून वेगळ्या लोकांसाठी आले असता पुढच्याच वचनात त्याचा अर्थ बदलला असे मानणे अवघड आहे. चौथे मत दहाव्या अध्यायातल्या ‘भेद नाही’ या शब्दांशी जुळत नाही असेही मला वाटते. तरीही देवाची कृपादाने आणि त्याचे पाचारण यांबद्दल त्याला पस्तावा होत नाही, हे एकोणतिसावे वचन ज्याला अडचणीचे वाटते त्याने आपले मत पुन्हा तपासावे, असे मी प्रत्येक गटाला सांगतो.

हे सारे बोलताना समोर कोणी यहूदी बसला आहे असे समजूनच बोलावे. महाराष्ट्रात ही केवळ कल्पना नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचा बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आला. तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या या लोकांना गावकरी शनिवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या आणि जुना करार मराठीतून त्यांच्या हाती दिला. त्यातले बहुतेक जण ख्रिस्ती झाले नाहीत, पण आपल्या पूर्वजांचे शास्त्र त्यांना मायबोलीत वाचता आले. अभ्यासगटात ‘नाकारलेले लोक’ असा शब्द कोणाच्या तोंडून निघाला, तर त्याच वेळी अकराव्या अध्यायाचे पहिले आणि दुसरे वचन पुन्हा वाचायला सांगावे.

शेवटची वीस मिनिटे पंधराव्या अध्यायासाठी राखून ठेवावीत. मासेदोनिया आणि अखया येथील परराष्ट्रीय मंडळ्यांनी यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी जमवली होती, आणि रोमला जाण्याची इतकी ओढ असतानाही पौल आधी ती पोहोचवायला निघाला होता. परराष्ट्रीय त्या पवित्र जनांच्या आध्यात्मिक गोष्टींचे वाटेकरी झाले आहेत, म्हणून ऐहिक गोष्टींत त्यांची सेवा करणे हे परराष्ट्रीयांवरचे ऋणच आहे, असे तो सत्ताविसाव्या वचनात लिहितो. हे वचन वाचून झाल्यावर जैतुनाचा दाखला एकदा पुन्हा काढावा आणि ‘ऋण’ या शब्दाचे मूळ कोणत्या वचनात आहे ते गटालाच सांगू द्यावे.