बेपत्ता पत्नीच्या प्रकरणात घरबसल्या तर्क कसा लढवावा

एखादी विवाहित बाई नाहीशी झाली की दोन तर्क सगळ्यात आधी पुढे येतात. एक, नवऱ्यानेच काहीतरी केलं. दुसरा, तिचं बाहेर कुठेतरी होतं, गेली निघून. पुराव्याचा एक कागद समोर नसताना लोक या दोनांपैकी एका बाजूला जाऊन बसतात आणि मग येणारी प्रत्येक बातमी आपल्या बाजूला ओढतात. माझी नोकरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, रक्ताचे डाग तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर मी अशा प्रकरणांची निकालपत्रं वाचते. तर्क लढवूच नका, असं मी कुणाला सांगणार नाही. बाई हरवली आणि कुणाला प्रश्नच पडला नाही, हे त्याहून वाईट. पण तर्क करण्याची एक रीत असते आणि ती शिकता येते.

वहीच्या पानावर चार रकाने आखा. पहिला, ती स्वतःहून गेली. दुसरा, अपघात, आजारपण किंवा आत्महत्या. तिसरा, नवऱ्याने किंवा जवळच्या माणसाने घात केला. चौथा, परक्याने. बातमीत आलेली एकेक गोष्ट डावीकडे लिहा आणि प्रत्येक रकान्यात स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे खरं असतं तर ही गोष्ट अशीच दिसली असती का? चारही ठिकाणी उत्तर ‘हो’ आलं तर त्या गोष्टीला वजन नाही, मथळा कितीही मोठा असो.

उदाहरणार्थ, ‘पर्स घरातच सापडली.’ ऐकणारा हादरतो. पण घरातच घात झाला तरी पर्स घरात राहते, पाय मोकळे करायला गेलेली बाई नदीत पडली तरी राहते, दारातून कुणी उचलून नेलं तरी राहते. ठरवून घर सोडणं, एवढाच एक रकाना त्याने थोडा कमकुवत होतो. तोसुद्धा तिच्याकडे दुसरी पर्स किंवा वेगळे ठेवलेले पैसे नव्हते हे कळल्यावरच. बहुतेक धागे असेच असतात. ते गुन्हेगाराकडे बोट दाखवत नाहीत, एखादी शक्यता जराशी मागे सारतात.

आता आकड्यांचं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगभरात सुमारे 51,100 स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा कुटुंबातल्या माणसाच्या हातून मारल्या गेल्या. त्या वर्षी हेतुपुरस्सर मारल्या गेलेल्या एकूण स्त्रियांमध्ये हे प्रमाण साधारण 60 टक्के होतं. पोलीस आधी नवऱ्याकडे वळतात ते उगाच नव्हे. मात्र हा आकडा खून झालेल्या स्त्रियांचा आहे, बेपत्ता झालेल्यांचा नाही. खून झाला आहे हे ठरल्यानंतर तो वापरायचा असतो, खून झाला का हे ठरवण्यासाठी नाही. घरबसल्या तर्क करणाऱ्यांची गाडी सर्वात जास्त वेळा इथेच घसरते.

ही रीत एका जुन्या प्रकरणावर लावून पाहा. 3 डिसेंबर 1926 च्या रात्री लेखिका अगाथा ख्रिस्ती इंग्लंडमधल्या आपल्या घरातून मोटार घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यूलँड्स कॉर्नर या टेकाडाच्या उतारावर बेवारस सापडली. आत फरचा कोट होता, कपड्यांची छोटी बॅग होती, वाहन परवाना होता. नवऱ्याचं दुसऱ्या बाईवर प्रेम होतं आणि त्याला घटस्फोट हवा होता. हजारो स्वयंसेवकांनी आसपासची रानं पालथी घातली, तळी तपासली गेली. कडाक्याच्या थंडीत कोट गाडीत सोडून कोण जाईल, हा सगळ्यांचा हुकमी मुद्दा होता. नवऱ्यावर उघड संशय घेतला गेला. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर तिचा हातमोजा एका अतींद्रिय दृष्टी असल्याचा दावा करणाऱ्या माणसाकडे नेला.

पण आणखी एक धागा पहिल्या काही दिवसांतच हाताशी आला होता. तिने दिराला पत्र लिहिलं होतं, आपण यॉर्कशरमधल्या एका आरोग्यस्थळी जात आहोत, असं. चार रकान्यांत टाकून बघा: पहिल्या रकान्याखेरीज कुठेच हे पत्र सहज बसत नाही. कोट आणि गाडी मात्र चारही ठिकाणी बसतात. वजन पत्राला होतं, गर्दी कोटामागे धावली. 14 डिसेंबरला ती यॉर्कशरच्याच हॅरोगेट गावातल्या हॉटेलात सुखरूप सापडली. तिथे तिने नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव लावून खोली घेतली होती. नवऱ्याचं वागणं वाईट होतं, यात मला शंका नाही. वाईट नवरा आणि खुनी नवरा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वहीत त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात.

डागांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. ‘घरात रक्ताचे अंश सापडले’ हे वाक्य वाचलं की आधी विचारा, कोणत्या चाचणीने? ल्युमिनॉल हे रसायन फवारल्यावर अंधारात निळसर चमकतं ते रक्तातल्या लोहामुळे. पण ब्लीच, तांबं आणि काही भाज्यांचा रस यांनीही ते चमकतं. ही प्राथमिक चाचणी असते. पुढे कुठे तपासायचं एवढंच ती दाखवते. त्यानंतर हा डाग रक्ताचाच आहे का, माणसाच्या रक्ताचा आहे का, आणि कुणाच्या, असे तीन वेगळे प्रश्न उरतात. तिन्हींची उत्तरं ‘हो, बेपत्ता बाईचं’ अशी आली तरी काम संपत नाही. ज्या घरात माणूस राहतो तिथे त्याचं रक्त असतंच: कापलेलं बोट, घोळणा फुटणं, मासिक पाळी. डाग केव्हा पडला हे खात्रीने सांगणारी पद्धत रोजच्या तपासात नाही. म्हणून प्रमाण, जागा आणि आकार बघायचे. स्नानगृहातल्या दोन थेंबांनी काही सिद्ध होत नाही. गादी उलटी करून ठेवलेली आहे आणि खालच्या बाजूने भरपूर रक्त मुरलंय, ही गोष्ट निराळी. नवऱ्याचा डीएनए घरात सापडणं तर शून्य किमतीचं, तो तिथेच राहतो.

प्रयोगशाळाही चुकते, हे मी त्याच खुर्चीवर बसलेली बाई म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियात 1980 मध्ये उलुरूजवळच्या तंबूतून लिंडी चेंबरलेनची तान्ही मुलगी नाहीशी झाली. प्रकरण पत्नीचं नव्हे, पण डागांविषयी याहून मोठा धडा मला माहीत नाही. डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, मुलीला घेऊन गेला असं आई पहिल्यापासून सांगत होती. गाडीत अर्भकाचं रक्त असल्याचा अहवाल आला आणि 1982 मध्ये तिला जन्मठेप झाली. रक्त म्हणून सांगितलेला फवारा म्हणजे कारखान्यात गाडीला मारलेलं आवाज कमी करणारं रसायन होतं, हे नंतर निघालं. 1986 मध्ये मुलीचं जाकीट डिंगोंच्या वावराच्या भागात सापडलं आणि आई सुटली. 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली. 2012 मध्ये मृत्यूचं कारण डिंगोच, अशी अधिकृत नोंद झाली. आणि खटल्याच्या आधीपासून लोक काय बोलत होते? ‘ही आई रडत कशी नाही?’

रडण्यावरून, डोळ्यांवरून, मुलाखतीतल्या अडखळण्यावरून काहीही ठरवू नका. खोटं ओळखण्याच्या प्रयोगांचा मोठा एकत्रित आढावा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांचं उत्तर सरासरी 54 टक्के वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तर पन्नास. वहीत ‘तो शांत होता’ असं लिहिलं असेल तर खोडून टाका. त्याने काय सांगितलं आणि ते तपासता येतं का, एवढं लिहा. ‘आठला मी कामावर होतो’ याची नोंद कुठेतरी असते. थंड नजरेची नसते.

फोनचा पुरावा लोकांना पक्का वाटतो. टॉवरच्या नोंदीवरून फोन कोणत्या टॉवरच्या पट्ट्यात होता ते कळतं, कोणत्या घरात होता ते नाही. दाट वस्तीत तो पट्टा काहीशे मीटरचा असेल, मोकळ्या मुलखात कित्येक किलोमीटरचा. फोन नेहमी जवळचाच टॉवर पकडतो असंही नाही. डेन्मार्कमध्ये 2019 साली फोनच्या नोंदी रूपांतरित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला, तेव्हा दहा हजारांवर खटले पुन्हा तपासायला घ्यावे लागले होते. ‘तिच्या फोनवरून संदेश आला’ याचा अर्थ फोन कुणीतरी वापरला, तिनेच वापरला असं नव्हे. सीसीटीव्हीबाबत विचारा की कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का, आणि नसेल तर किती पुढे-मागे. सगळी वेळापत्रकं यावर अवलंबून असतात आणि बातमीत हे जवळजवळ कधीच नसतं.

पाण्याबद्दल थोडं. 2023 च्या जानेवारीत इंग्लंडच्या लँकशरमध्ये दोन मुलांची आई नदीकाठी कुत्र्याला फिरवताना नाहीशी झाली. तिचा फोन बाकावर सापडला, कामाच्या मीटिंगला अजून जोडलेला. ती नदीत पडली असावी, असं पोलीस सुरुवातीपासून म्हणत होते. पाणबुड्यांना काही सापडलं नाही म्हटल्यावर लोकांनी नदीचा तर्कच सोडून दिला. जोडीदारावर संशय घेतला, गावात येऊन चित्रीकरण केलं, दुसऱ्यांच्या आवारांत शिरून शोध घेतला. पोलिसांना माणसं पांगवावी लागली. तेवीस दिवसांनी मृतदेह त्याच नदीत, साधारण मैलभर खालच्या अंगाला मिळाला, आणि चौकशीत अपघाती बुडणं असा निर्णय झाला. थंड पाण्यात देह वर यायला वेळ लागतो. शोधून न सापडणं म्हणजे तिथे नसणं, असं वहीत कधी लिहू नका. किती भाग शोधला, कशाने शोधला, किती वाजता शोधला, ते लिहा. शवशोधक श्वानांचंही तसंच: कुत्र्याने इशारा दिला ही खणायची जागा झाली, निष्कर्ष नाही.

मग काही ठरवताच येत नाही का? येतं, पण ते बहुतेक वेळा शांत पुराव्यातून. बाई जिवंत असेल तर ती खुणा सोडते. पैसे काढते, डॉक्टरकडे जाते, मुलांच्या वाढदिवसाला कुणाला तरी फोन करते. अकरा दिवसांची शांतता फारसं सांगत नाही. वर्षानुवर्षांची शांतता पुष्कळ सांगते. सिडनीत लिनेट डॉसन जानेवारी 1982 मध्ये नाहीशी झाली. नवऱ्याने तक्रार दिली ती साधारण सहा आठवड्यांनी. मधल्या काळात त्याच्या शाळेतली विद्यार्थिनी त्याच्या घरी राहायला आली होती. आपल्याला लिनेटचे फोन आले, असं त्याचं म्हणणं. घराभोवती खणलं, पण मृतदेह आजवर मिळालेला नाही. तरीही 2022 मध्ये न्यायाधीशांनी ख्रिस डॉसनला खुनाबद्दल दोषी ठरवलं. दोन लहान मुलींवर जीव टाकणारी आई कपडे न घेता, पुन्हा कुणाशी कसलाच संपर्क न ठेवता निघून गेली, हे त्यांना पटलं नाही, आणि ते फोन खोटे ठरले. एकेक धागा सुटा घेतला तर कच्चा होता. सगळे मिळून तिसऱ्या रकान्याशिवाय कुठेच बसेनात. परिस्थितीजन्य पुरावा असाच वाचायचा, आणि हे निकालपत्र सवड काढून वाचाच. त्याच प्रकरणात 2018 च्या पॉडकास्टमुळे इतकी प्रसिद्धी झाली होती की खटला ज्यूरीविना, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाविना, एकट्या न्यायाधीशांसमोर चालवावा लागला. आपण उघड्यावर बोलतो त्याचा भार असा खटल्यावर पडतो.

म्हणून वही घरातच ठेवा. दोषी न ठरलेल्या माणसाचं नाव जोडून तर्क पसरवू नका, नातेवाइकांना संदेश पाठवू नका, जागेवर जाऊन काही उचलू नका. उचललेली वस्तू तिथून हलली की ती कुठे आणि कशी होती हे सिद्ध करणं अवघड होतं. तुम्ही खरोखर काही पाहिलं असेल, तिला पाहिलं, गाडी पाहिली, आवाज ऐकला, तर कुणाशीही चर्चा करण्याआधी ते लिहून काढा: तारीख, वेळ, ती वेळ तुम्हाला कशावरून आठवते, अंतर किती, उजेड कसा होता. ‘मला वाटतं’ हा भाग वगळा. कागदावर सही करून तो तपास अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या, आणि तुमच्या मोबाईलमध्ये किंवा दारावरच्या कॅमेऱ्यात त्या दिवसाचं चित्रण असेल तर ते पुसलं जाण्याआधी आजच जपून ठेवा.